परतीची वाट

संसारात दररोज काही ना काही बिनसतच असते. दूध उतू जाते, पाहुणे यावयाच्या ऐन वेळी नळाचे पाणी जाते, महिनाअखेरीस जपून ठेवलेले पैसे औषधापायी खर्च होतात. या गोष्टी आपण रात्रीपर्यंत विसरूनही जातो. परंतु एखादी अडचण अशी येते की, तिला आपत्ती म्हणता येत नाही आणि किरकोळ म्हणून सोडूनही देता येत नाही. गेल्या वर्षी आमच्या घरी असेच घडले. त्या प्रसंगी माझ्या हातूनही एक चूक झाली, म्हणूनच ती हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहे.

आम्ही इंदूरला राहतो. माझ्या धाकट्या दिरांची मुलगी नोकरीच्या एका परीक्षेची तयारी करीत होती. पहाटे चारला तिच्या खोलीत दिवा लागे. परीक्षेचे केंद्र उज्जैनला आले. अंतर अवघे पन्नास-पंचावन्न किलोमीटर, तेव्हा त्याच दिवशी सकाळी निघावे असे ठरले. म्हणजे आम्ही मोठ्या माणसांनीच ते ठरविले. सांवेरच्या अलीकडे बसचे चाक पंक्चर झाले. दुसरे चाक बसवून गाडी सुटेपर्यंत पाऊण तास गेला. मुलगी केंद्रावर पोहोचली तेव्हा फाटक बंद होऊन बारा मिनिटे झाली होती. पहारेकऱ्याने नियम सांगितला. त्याचेही काही चुकले असे म्हणता येणार नाही. आत वर्गाकडे जाणाऱ्या मुली फाटकाच्या गजांतून दिसत होत्या, एवढेच ती नंतर म्हणाली.

संध्याकाळी घरी आल्यावर ती मागल्या अंगणात पायरीवर बसून राहिली. मी जवळ गेले आणि तोंडाशी आलेले वाक्य बोलून टाकले, “देव करतो ते बऱ्यासाठीच करतो.” तिने मान वर केली. “काकू, बसमध्ये माझ्या शेजारी एक बाई होत्या. तापाने फणफणलेल्या मुलाला दवाखान्यात नेत होत्या. त्यांचा खोळंबा झाला, तोही बऱ्यासाठीच का?”

मला उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर, ते वाक्य मी तिच्यासाठी बोललेच नव्हते. घरातील कोणाचे दुःख समोर बसलेले असले की आपणांस अवघडल्यासारखे होते. ते अवघडलेपण लवकर संपावे म्हणून आपण देवाला मध्ये घालतो. श्रद्धेचे नाव घेऊन केलेली ती घाईच असते आणि मुलांना ती तत्काळ कळते.

माझ्या सासूबाईंनी निराळे केले. त्या मेथीच्या दोन जुड्या आणि सूप घेऊन आल्या, पायरीवर तिच्याशेजारी टेकल्या आणि म्हणाल्या, “एवढी निवडू लाग गं मला. डोळ्यांना नीट दिसत नाही.” दोघी निवडीत बसल्या. मुलीच्या डोळ्यांतून पाणी गळत होते आणि हात चालू होते. दोन्ही जुड्या संपेपर्यंत कोणी अक्षर बोलले नाही. त्या रात्री ती सगळ्यांबरोबर जेवली.

पुढे आठ-दहा दिवसांनी मी तिला धोंडो केशव कर्वे यांची गोष्ट सांगितली. अण्णासाहेबांचे बालपण रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळच्या मुरुड गावी गेले. (जंजिऱ्याजवळचे मुरुड ते वेगळे.) इयत्ता सहावीच्या सरकारी परीक्षेस बसण्यासाठी ते सोबत्यांबरोबर भर पावसाळ्यात सह्याद्रीचा घाट चढून पायी साताऱ्यास गेले. वाट शंभराहून अधिक मैलांची. परीक्षेस बसण्यासाठी सतरा वर्षे पुरी व्हावी लागत. धोंडू अंगाने किरकोळ, दिसायला लहान. परीक्षकांना त्याचे वय खरे वाटले नाही आणि त्यांनी त्यास बसू दिले नाही. पुढल्या वर्षी त्यांनी कोल्हापुरास जाऊन तीच परीक्षा दिली व ते उत्तीर्ण झाले. १८८४ साली ते बी. ए. झाले. नंतरचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे.

मी तो इतिहास सांगू लागले होते. १९१६ चे महिला विद्यापीठ, १९५८ चे ‘भारतरत्न’ असे सारे ओळीने. तिने मला मध्येच अडविले. “ते राहू द्या, काकू. साताऱ्याहून ते परत कसे आले असतील?”

लहानपणी शाळेत मी जो धडा वाचला होता, त्यात साताऱ्याची वाट होती. परतीचे एक अक्षरही नव्हते. जाताना पोटात उमेद असते, सोबत्यांची थट्टामस्करी असते. परतताना मैल तेवढेच. परंतु घरी काय सांगायचे हा विचार पावलोपावली बरोबर. सतरा वर्षांच्या त्या मुलास तेव्हा विद्यापीठही दिसत नव्हते आणि मानसन्मानही दिसत नव्हते. पुढे सर्व चांगलेच होणार आहे, असे त्याला सांगणारे कोणी भेटले असते, तरी त्याने विश्वास ठेवला नसता. त्याचा भरवसा असलाच तर एवढाच असेल की, घर आहे, मुक्कामाला कोठे तरी ओसरी मिळेल, आणि पुढल्या वर्षीही परीक्षा असेल. मला वाटते, भरवसा असा लहानच असतो आणि परतीच्या वाटेवरच तो अंगी मुरतो. १९०० साली अण्णासाहेबांनी पुण्याबाहेर हिंगण्यास विधवांसाठी झोपडी उभारली, तेव्हा कॉलेजातील शिकवणे आटोपून ते रोज चार मैल पायी तिकडे जात. त्या पायांना ही सवय केव्हा लागली असेल, हे आता मला अधिक कळते.

अर्थात भरवसा म्हणजे गाफीलपणा नव्हे. उज्जैनला आदल्या दिवशीच मुक्कामाला जावयास हवे होते. ती चूक आमची होती आणि तिचे खापर दैवावर फोडण्यात अर्थ नव्हता. असे मी मुलीसमोर स्पष्ट बोलले, तेव्हा तिचा चेहरा थोडा निवळला. आठ दिवस ती स्वतःलाच दोष देत होती, हे आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आले नव्हते.

यंदा ती पुन्हा परीक्षेस बसली. केंद्र या खेपेस देवासला होते. तेथे माझी मावसबहीण राहते. तिच्याकडे ती आदल्या दुपारीच जाऊन राहिली. निकाल अद्याप लागावयाचा आहे. परवा मी बाजारातून आले, तर तिने पिशवीतील मेथी आपणहून काढून घेतली आणि आजीला हाक मारली.