जीभ बांधली की हातही बांधले



अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातलं लॉरेन्स हे एका काळचं मोठं गिरणगाव. इटली, पोलंड, लिथुआनिया, सीरिया अशा मुलुखांतून पोटासाठी आलेली माणसं तिथं राबत. चौदा-पंधरा वर्षांची पोरंही त्यांत होती. इंग्रजी बोलणाऱ्यांकडे कसबाची, बऱ्या पगाराची कामं. नव्यानं आलेल्यांच्या वाट्याला हलकी. १९१२ च्या जानेवारीत कायद्यानं आठवड्याचे दोन तास कमी झाले, तर मालकांनी पगारही कापला. लोक म्हणाले, इतक्या भाषांच्या माणसांची एकी व्हायची कशी? पण संपवाल्यांनी सभेत ज्याला त्याला त्याच्या भाषेत सांगितलं. वीस हजारांवर कामगार बाहेर पडले, आणि मार्चमध्ये पगारवाढ घेऊनच आत गेले.

संप जिंकला. पण जिभेचा प्रश्न तिथंच राहिला.

अलीकडे अमेरिकेतल्या अर्थशास्त्र्यांनी लहानपणी परदेशातून आलेल्यांची पुढली कामं तपासली. प्राथमिक शाळेच्या वयात आलेलं पोर मोठेपणी तिथल्याच पोरांसारखी कामं करतं. ते वय उलटल्यावर आलं, आणि त्याची मायबोली इंग्रजीपासून लांबची असली, तर त्याची वाट निराळी होते. शिक्षण सारखं धरलं तरी हा फरक उरतोच.

समजा, दोघे सख्खे भाऊ एकाच बोटीनं गेले. धाकटा पाचाचा, थोरला तेराचा. धाकटा उद्या कचेरीत बसून चार माणसांशी बोलेल. थोरला तोंड मिटून ओझं उचलील. थोरल्याला अक्कल कमी होती काय? मालक म्हणतो, ज्याची जशी लायकी तशी त्याची जागा. मी विचारतो, बोटीत बसायचं साल पोरानं ठरवलं होतं काय?

म्हणून माझं सांगणं सरळ आहे. उशिरा आलेल्या पोराला भाषा शिकवायची ती पाळीच्या वेळात, पगारी. दमून घरी गेल्यावर नव्हे. आणि ती येईपर्यंत करार, सूचना, धोक्याची पाटी त्याला समजेल अशा भाषेत हवी. युनियननं हे मागणीपत्रात घातलं पाहिजे.

आपण मराठीसाठी भांडणारी माणसं. आपल्या भाषेवाचून माणूस कसा मुका होतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मग तेलंगणातून सोलापुरात येऊन मागावर बसलेल्या विणकराच्या पोरालाही मराठी प्रेमानं शिकवू, आणि त्याची तेलुगूही राखू. त्याला मुका ठेवला तर फायदा मालकाचा, तोटा आपला.

ज्याच्या हातात धोटा, त्याच्या तोंडात भाषा हवीच!