आधी कागदाची घडी, मग गाईड



नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत 100 पैकी 50 गुण निव्वळ आकृत्यांना आहेत. प्रश्न 40, वेळ 60 मिनिटे. गटात न बसणारी आकृती, आकृत्यांची मालिका, आरशातील प्रतिमा, घडी उलगडल्यावर दिसणारा कागद, लपलेली आकृती. एवढे वजन असूनही या भागाची तयारी म्हणजे गाईडमधल्या ‘ट्रिक’ पाठ करणे, असेच आमच्याकडे चालते. पाचवीची वर्गशिक्षिका म्हणून माझा याला ठाम विरोध आहे.

माझ्या वर्गातल्या एका हुशार मुलीने ‘चार थर, चार भोकं’ असे पाठ केले होते. प्रश्नात चौकोनी कागदाच्या दोन घड्या घातलेल्या. तिने क्षणात चार भोकांच्या पर्यायावर खूण केली. कोपरा मात्र दोन्ही घड्या मिळतात तिथला कापलेला होता. मी तिला रद्दीचा कागद आणि कात्री दिली. तिने कापून उलगडले, तर मधोमध एकच भोक! मग तिने आपणहून दुसरा कागद घेतला, घडीच्या कडेवर अर्धगोल कापला. दोन भोके. तिसऱ्यावर कडा सोडून आत भोक पाडले, तेव्हा कुठे चार निघाली. पुढे मला तिला नियम सांगावा लागला नाही.

आरशाचेही तेच. ‘डावे ते उजवे’ घोकलेली मुले आरसा आकृतीखाली धरला की फसतात, कारण तिथे वरची बाजू खाली जाते. हातात छोटा आरसा दिला की दोन मिनिटांत उमगते.

पालक म्हणतात, परीक्षेत कागद दुमडू देतात का? नाही देत. म्हणूनच पावसाळ्यात हे हातांनी करून घ्यावे, दिवाळीनंतर तेच डोळे मिटून मनात, आणि घड्याळ सगळ्यात शेवटी. एका प्रश्नाला दीड मिनिट मिळते. तेवढ्यात पूर्ण आकृती सोडवत बसू नये. एकच ठिपका किंवा एकच रेघ धरून न जुळणारे पर्याय खोडत जावे. चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवू नये.

आकृतीला इंग्रजी लागत नाही, पाठांतरही लागत नाही. आईबाप ऊसतोडीला गेलेले मूल इथे कुणाच्याही बरोबरीला बसू शकते. त्याला गाईड घ्यायला लावण्याआधी शाळांनी रद्दी, कात्री आणि आरसा त्याच्यापुढे ठेवावा, एवढीच माझी मागणी आहे.

— एक प्राथमिक शिक्षिका, जि. बीड