बारावीआधीच कॉलेजचे क्रेडिट: परीक्षा खुली, पण रस्ता कुणासाठी?

अमेरिकेत पदवीसाठी साधारण 120 क्रेडिट लागतात. वर्षाला 30 धरले तर चार वर्षे. पण यातली काही क्रेडिट विद्यार्थी कॉलेजात पाऊल टाकण्याआधी, हायस्कूलमध्ये असतानाच मिळवू शकतो. त्यासाठी 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट', थोडक्यात 'एपी', ही व्यवस्था आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय हायस्कूलमध्ये शिकायचा आणि मे महिन्यात परीक्षा द्यायची. निकाल 1 ते 5 अशा श्रेणीत लागतो. 3 किंवा त्याहून वरची श्रेणी मिळाली की अनेक सरकारी विद्यापीठे त्या विषयाचे क्रेडिट देतात. चार-पाच विषयांत असे जमले तर अख्खे एक सत्र वाचू शकते. सत्र वाचले म्हणजे हजारो डॉलरची फी वाचली, खोलीभाडे वाचले आणि कमाईला सहा महिने आधी सुरुवात झाली.

गरीब घरातल्या मुलासाठी ही किती मोठी गोष्ट आहे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. म्हणूनच प्रश्न पडतो: ही सोय ज्याला सर्वात जास्त हवी, त्याच्यापर्यंत ती पोचते का?

सुरुवात कुणासाठी झाली?

एपीचा जन्म गरिबांसाठी झालेला नाही. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला अँडोव्हर, एक्सेटर, लॉरेन्सव्हिल या श्रीमंतांच्या खासगी शाळा आणि हार्वर्ड, प्रिन्स्टन, येल ही विद्यापीठे एकत्र बसली. आपल्या शाळांतून आलेली मुले कॉलेजच्या पहिल्या वर्षात तेच तेच पुन्हा शिकतात, त्यांचा वेळ वाया जातो, ही त्यांची तक्रार होती. त्यातून ही कल्पना पुढे आली. 1955 मध्ये 'कॉलेज बोर्ड' या संस्थेने ती ताब्यात घेतली आणि 1956 मध्ये पहिली परीक्षा झाली. तेव्हा 104 शाळांतले 1229 विद्यार्थी बसले होते. आज ही संख्या वर्षाला पंचवीस लाखांच्या वर आहे आणि विषय चाळीसच्या आसपास आहेत.

म्हणजे मूठभरांसाठी केलेली सोय पुढे सगळ्यांसाठी खुली झाली. पण व्यवस्था खुली झाली तरी तिची घडण जुनीच राहते. विषय शिकवायला तयार शिक्षक हवा, आठवी-नववीपासून पाया पक्का हवा, प्रयोगशाळा हवी. ज्या शाळेत हे आधीपासून होते, तिथे एपी सहज रुजले. जिथे नव्हते, तिथे परीक्षा फक्त कागदावर खुली राहिली.

गारफिल्ड: पास झाले, म्हणून संशय

पूर्व लॉस एंजेलिसमधले गारफिल्ड हायस्कूल ही मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांतल्या मुलांची शाळा. तिथे बोलिव्हियातून आलेले शिक्षक हाइमे एस्कलान्ते यांनी एपी कॅल्क्युलसचा वर्ग सुरू केला. 1982 मध्ये त्यांचे 18 विद्यार्थी परीक्षेला बसले आणि सगळे पास झाले. त्यानंतर परीक्षा घेणाऱ्या संस्थेने त्यातल्या 14 जणांवर कॉपीचा संशय घेतला. काही उत्तरांतल्या चुका सारख्या आहेत, असे कारण दिले गेले. 12 विद्यार्थी पुन्हा परीक्षेला बसले आणि बाराही जण पुन्हा पास झाले. या घटनेवर 1988 मध्ये 'स्टँड अँड डिलिव्हर' हा चित्रपट आला.

उत्तरे तपासणे हे संस्थेचे काम होते, हे मान्य. पण श्रीमंत वस्तीतल्या शाळेत अठराच्या अठरा पास झाले असते तर त्याला 'उज्ज्वल निकाल' म्हटले गेले असते, असे तेव्हाही अनेकांनी बोलून दाखवले. मेरिटचा वाद आपण रोज ऐकतो. वंचित समाजातला मुलगा नापास झाला तर तो समाजाचा दोष आणि पास झाला तर सवलतीचा किंवा लबाडीचा परिणाम, हा तर्क फक्त आपल्याकडचा नाही.

चित्रपटात एक गोष्ट मात्र हरवते. एस्कलान्ते यांनी चमत्कार केला नव्हता. 1970 च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या पहिल्या वर्गात जेमतेम पाच विद्यार्थी टिकले होते. पुढे बीजगणितापासूनची साखळी बांधली गेली, जवळच्या कॉलेजात उन्हाळी वर्ग चालवले, सोबतच्या शिक्षकांना जोडून घेतले. कित्येक वर्षांच्या मेहनतीने पटसंख्या वाढली. 1991 मध्ये ते शाळा सोडून गेले आणि काही वर्षांत निकाल घसरला. एका माणसाच्या खांद्यावर उभी असलेली संधी त्या माणसाबरोबरच जाते.

इंगलवूड: विषयच नाही, तर परीक्षा कसली?

1999 मध्ये त्याच लॉस एंजेलिस परिसरातल्या इंगलवूड हायस्कूलच्या चार विद्यार्थ्यांच्या वतीने कॅलिफोर्निया राज्यावर खटला भरला गेला. या शाळेत जवळपास सगळी मुले कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होती. एपीचे विषय होते तीन, त्यात गणित किंवा विज्ञानाचा एकही नाही. थोड्याच अंतरावरच्या बेव्हर्ली हिल्समध्ये विषय चौदा.

इथे क्रेडिटइतकाच प्रवेशाचाही प्रश्न होता. कॅलिफोर्निया विद्यापीठ एपी विषयाच्या गुणांना जादा वजन देते. म्हणजे इंगलवूडच्या मुलीने शाळेतल्या प्रत्येक विषयात सर्वोच्च गुण मिळवले, तरी बेव्हर्ली हिल्समधली मुलगी तिच्या पुढेच राहणार. एकीला जी शिडी मिळाली, ती दुसरीच्या शाळेत कुणी ठेवलीच नव्हती. या खटल्यानंतर राज्याने कमी विषय असलेल्या शाळांसाठी अनुदान दिले. विद्यार्थ्यांनी सवलत मागितली नव्हती, वर्ग मागितला होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

निवड कोण करतो?

शाळेत विषय असला तरी वर्गात कोण बसणार हे बरेचदा शिक्षकाच्या शिफारशीवर आणि पालकाच्या आग्रहावर ठरते. शिकलेला पालक शाळेत जाऊन भांडतो. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या आईला अशी निवड होते हेच माहीत नसते. वॉशिंग्टन राज्यातल्या फेडरल वे या शाळा-जिल्ह्याने 2010 मध्ये यावर साधा उपाय केला: राज्याच्या परीक्षेत ठरलेली पातळी गाठणाऱ्या प्रत्येक मुलाला पुढच्या वर्षी आपोआप प्रगत वर्गात घालायचे. नको असेल तर पालकाने तसे कळवायचे. 2019 मध्ये राज्याने कायदा करून हे धोरण सगळ्या शाळा-जिल्ह्यांना लागू केले. मागेल त्याला जागा, हा नियम उलटा झाला. जागा सर्वांना, नको असेल त्याने सांगावे.

फीचाही प्रश्न आहे. 2025 मध्ये अमेरिकेत एका विषयाची परीक्षा 99 डॉलरला पडली. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना सूट मिळते, पण ती किती हे राज्यागणिक बदलते. पाया कच्चा असताना फक्त आकडा वाढवण्यासाठी मुलांना परीक्षेला बसवले, तर 1 किंवा 2 श्रेणी घेऊन ती बाहेर पडतात. क्रेडिट मिळत नाही, आत्मविश्वासही जातो.

आणि 3 श्रेणी मिळाली तरी क्रेडिट नक्की असते का? इलिनॉय राज्याने 2015 मध्ये कायदा करून आपल्या सरकारी विद्यापीठांना 3 श्रेणीला क्रेडिट देणे बंधनकारक केले. उलट, डार्टमथसारख्या नामांकित खासगी कॉलेजने एपीवर पदवीचे क्रेडिट देणे 2014 मध्ये आलेल्या तुकडीपासून बंद केले. जिथे शिडी सगळ्यांच्या हाती येऊ लागते, तिथे वरचा मजला तिची किंमत कमी करतो.

कुणाचा इतिहास क्रेडिटच्या लायकीचा?

2022 मध्ये 60 शाळांत 'आफ्रिकन अमेरिकन स्टडीज' हा एपी विषय प्रायोगिक पातळीवर सुरू झाला. जानेवारी 2023 मध्ये फ्लोरिडा राज्याने, या अभ्यासक्रमाला शैक्षणिक मूल्य नाही, असे सांगून तो नाकारला. त्यानंतर कॉलेज बोर्डाने जाहीर केलेल्या आराखड्यातून 'ब्लॅक लाइव्हज मॅटर'सारखे विषय सक्तीच्या भागातून वगळलेले दिसले. अनेक अभ्यासकांनी जाहीर निषेध केला आणि वर्षअखेरीस आराखडा पुन्हा बदलावा लागला. आर्कान्सा राज्याने हा विषय पदवीपूर्व शालेय क्रेडिटसाठी धरला जाणार नाही असे कळवले, तरी लिटल रॉक सेंट्रल हायस्कूलने तो शिकवणे चालू ठेवले. ही तीच शाळा, जिथे 1957 मध्ये नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना लष्कराच्या संरक्षणात वर्गात न्यावे लागले होते.

क्रेडिट म्हणजे फक्त आकडा नव्हे, हे इथे दिसते. कोणते ज्ञान मोजायचे, हे ठरवण्याची सत्ता त्यामागे असते.

आपल्यासाठी

भारतात 2021 मध्ये 'अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' सुरू झाली. 2023 च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याने शाळा, कॉलेज आणि कौशल्य शिक्षण एकाच पट्टीवर आणले: वर्षाला 1200 तासांचे शिक्षण, 40 क्रेडिट. महागड्या आंतरराष्ट्रीय शाळांत एपीसुद्धा शिकवले जाते. क्रेडिटची भाषा आपल्या दारात आली आहे. तिचे नियम घट्ट होण्याआधी कार्यकर्त्यांनी काही प्रश्न विचारायला हवेत. जिल्हा परिषदेच्या, आश्रमशाळेच्या आणि तालुक्याच्या कॉलेजच्या विद्यार्थ्याला क्रेडिट मिळवून देणारे विषय आणि शिक्षक कुठे आहेत? परीक्षेची फी कोण भरणार? निवड शिफारशीवर होणार की आपोआप? मिळालेले क्रेडिट कोणते विद्यापीठ मान्य करणार, हे लेखी सांगितले जाणार का?

इंगलवूडच्या चार विद्यार्थ्यांनी हेच प्रश्न शाळेत असतानाच विचारले. आपल्या वस्तीतल्या अभ्यासिकेत ही चर्चा याच वर्षी व्हायला हवी, कारण आराखडा अजून कागदावरून वर्गात उतरतो आहे.