विज्ञानाच्या वाटेवर : तारेची सफाई आणि माणसाचा मान



छपरावरचे सोलर पॅनेल आता खेड्यापाड्यांतही दिसते. पण केसाच्या तीन-चार पट जाडीच्या तारेवरसुद्धा उन्हापासून वीज तयार करता येते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. अशा तारा कापडात विणता येतात. चीनमध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठात प्रा. हुईशेंग पेंग यांनी या विषयावर मोठे काम केले आहे. रंगद्रव्याच्या ज्या सौरघटावर यातील बऱ्याच तारा आधारलेल्या आहेत, तो ब्रायन ओ'रेगन व मायकेल ग्रेट्झेल यांनी १९९१ साली जगापुढे मांडला.

टायटॅनियमच्या तारेवर त्याच धातूच्या ऑक्साइडचा थर चढवतात आणि त्या थरात रंगद्रव्य मुरवतात. रंगद्रव्य उजेड शोषते, त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन थरातून तारेत उतरतात. भोवती गुंडाळलेली प्लॅटिनमची दुसरी तार आणि आयोडीनयुक्त द्रव यांनी मंडल पूर्ण होते.

पण या सगळ्याच्या आधी काय? आधी सफाई! तार कारखान्यात डायच्या छिद्रातून ओढलेली असते. तिच्यावर वंगण, धूळ, बोटांचा तेलकटपणा असतो. त्यावर थर धरत नाही. धरला तरी तार वाकवताच पापुद्रा सुटतो आणि वीज वाटेतच अडते. म्हणून तार प्रथम बारीक पॉलिश पेपरने घासतात. मग साबणाचे पाणी, ॲसिटोन, अल्कोहोल आणि शेवटी क्षारमुक्त पाणी, अशा क्रमाने प्रत्येकात दहा-पंधरा मिनिटे ध्वनिलहरींच्या यंत्रात ठेवतात. क्रमालाही कारण आहे. ॲसिटोन तेल विरघळवते, अल्कोहोल त्याचा उरलेला अंश नेते, पाणी शेवटचे क्षार धुते. त्यानंतर तारेला उघड्या हाताने शिवायचे नाही.

तार स्वच्छ झाली हे कसे ओळखावे? कोणी सांगितले म्हणून मानू नका, घरी पाहा. तेलकट ताटावर पाणी थेंबाथेंबाने गोळा होते, नीट घासलेल्या ताटावर सलग पसरते. प्रयोगशाळेतही हीच साधी कसोटी चालते.

आता विचार करा. तेथे पीएच.डी. करणारा विद्यार्थी स्वतः तार घासतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. ॲसिड वापरायचे तर हातमोजे, चष्मा आणि वाफा ओढून घेणारे कपाट असते. आपल्या देशात मात्र सफाई कोणी करायची हे जन्मावरून ठरवले गेले. जात ही केवळ कामाची नव्हे, काम करणाऱ्या माणसांचीही विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. सुरक्षेच्या साधनांवाचून माणसाला गटारात उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी आपले भाऊ तेथे गुदमरून मरतात. पाव मिलिमीटर तारेच्या सफाईला जी काळजी, ती जिवंत माणसाच्या वाट्याला का नसावी?

बंधू-भगिनींनो, सफाई हे शास्त्र आहे. ते हलके नाही, हलकी आहे ती विषमतेची दृष्टी. आपल्या वस्तीतील सफाई कामगाराला मोजे, मुखवटा, यंत्र मिळते का, याची संबंधित कार्यालयात लेखी विचारणा करा आणि पोच घ्या. आणि आपल्या मुलामुलींना विज्ञान शाखेकडे पाठवा. उद्या तीही सूर्याची तार घासतील, पण ते काम त्यांनी स्वतः निवडलेले असेल.

जयभीम! नमो बुद्धाय!