वाटणी झाली, भूखंड मात्र एकच

दुकानातील मालाची वाटणी करणे तुलनेने सोपे असते. खतावणी समोर ठेवावी, येणे-देणे मांडावे आणि शिलकेचे भाग करावेत. जमिनीचे तसे नाही. मधोमध कुंपण घातले, भावांनी सह्या केल्या आणि वडीलधाऱ्यांनी आशीर्वाद दिला, तरी सरकारी दप्तरात ती जमीन अखंडच राहते. पुण्यात अनेक कुटुंबांना हे सत्य वाटणीनंतर बऱ्याच वर्षांनी उमगते, आणि तेव्हा दुरुस्तीचा खर्च पैशांपेक्षा नात्यांना अधिक पडतो.

भुसार बाजार नाना-भवानी पेठेतून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, तशी व्यापारी कुटुंबांची वस्तीही बिबवेवाडी, सहकारनगर, सॅलिसबरी पार्क या बाजूंना वाढत गेली. तेथे मंजूर रेखांकनातील पाच-सहा गुंठ्यांचे भूखंड घेऊन वडिलांनी बंगले बांधले. आता त्या बंगल्यांत दुसरी-तिसरी पिढी नांदते आहे आणि विभाजनाचा प्रश्न उंबरठ्याशी आला आहे.

असे एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. भूखंड 20 मीटर रुंद व 30 मीटर खोल, म्हणजे 600 चौरस मीटर. रस्ता केवळ पुढील बाजूस. वडिलांनी तो स्वकष्टार्जित पैशातून घेतला. मृत्युपत्र न करता ते निवर्तले. पुढचा भाग थोरल्या बंधूंचा, मागचा धाकट्यांचा, असा कागद दोघांनी साध्या मुद्रांकावर केला. काही वर्षांनी धाकट्यांच्या मुलाने मागे घर बांधण्यासाठी बँकेकडे कर्ज मागितले. बँकेने मिळकत पत्रिका पाहिली. तीवर भूखंड एकच आणि नाव अजून वडिलांचेच! तारण कशाचे घ्यावयाचे, हा बँकेचा प्रश्न रास्तच होता.

येथून तीन गाठी सुटू लागतात.

पहिली गाठ वारसांची. जैन कुटुंबांनाही 1956 चा हिंदू वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसताना वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगे आणि मुली यांचा वाटा समान असतो. वरील कुटुंबात मातोश्री, दोन बंधू आणि सोलापूरला दिलेली भगिनी असे चौघे प्रत्येकी चौथ्या हिश्श्याचे धनी ठरतात. भगिनीस हक्क सोडावयाचा असेल तर तो तिने स्वेच्छेने, नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडावा. तिला न विचारता केलेली वाटणी ही कायद्याने अपुरी आणि व्यवहारानेही अन्यायाची होय.

दुसरी गाठ परवानगीची. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या व्याख्येनुसार जमिनीचे रेखांकन व उपविभाजन हाही ‘विकास’च आहे. म्हणून एक वीट न रचताही पुणे महानगरपालिकेची पूर्वपरवानगी लागते. कलम 44 अन्वये परवानाधारक वास्तुविशारदामार्फत अर्ज करावा लागतो. त्यासोबत मालकीचे कागद, मिळकत पत्रिका, मोजणीचा नकाशा, मूळ मंजूर रेखांकन आणि प्रस्तावित विभाजनाचा नकाशा ही कागदपत्रे हाताशी हवीत. अर्जावर सर्व सहमालकांच्या सह्या असाव्यात. भूखंड गृहनिर्माण संस्थेचा असेल तर संस्थेचे ना हरकत पत्र आधी मिळवावे. साठ दिवसांत निर्णय न कळल्यास परवानगी मिळाल्याचे कायदा मानतो; परंतु प्रस्ताव नियमांत तंतोतंत बसत असेल तरच. त्या भरवशावर कोणी गाफील राहू नये. नकार आल्यास कलम 47 अन्वये चाळीस दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते.

तिसरी गाठ सर्वांत अवघड, ती रस्त्याची. 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे प्रत्येक उपभूखंडास स्वतंत्र पोहोचमार्ग हवा. मागच्या भागास वाट द्यावयाची तर ती पुढच्या भागातूनच जाणार. समजा ती चार मीटर रुंद ठरली, तर 15 मीटर लांबीत 60 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ साडेसहाशे चौरस फूट जागा गेली. ती एकट्या थोरल्यांच्या वाट्यातून का जावी? शिवाय जुन्या बंगल्याने वापरलेले चटई क्षेत्र पुढच्या तुकड्याच्या हिशेबात बसते का, नव्या हद्दीपासून आवश्यक अंतर सुटते का, हेही तपासले जाते. उभे विभाजन केले तर दोघांना प्रत्येकी 10 मीटर दर्शनी रुंदी मिळते. पण मधोमध उभा असलेला बंगला पाडावा लागतो.

म्हणूनच प्रत्येक भूखंड विभागलाच पाहिजे असे नाही. काही वेळा जमीन अखंड ठेवून एकत्रित नवी इमारत बांधावी आणि सदनिका वाटून घ्याव्यात, हा मार्ग सर्वांच्याच हिताचा ठरतो. कोणता मार्ग घ्यावा हे वास्तुविशारदाकडून कच्चा नकाशा काढून, सर्व हिस्सेदारांसमक्ष ठरवावे.

क्रम मात्र चुकू नये. प्रथम वारस नोंद, मग मोजणी, मग महापालिकेची मंजुरी, त्यानंतर नोंदणीकृत वाटणीपत्र आणि शेवटी नगर भूमापन कार्यालयात स्वतंत्र मिळकत पत्रिका. दस्त नोंदला गेला म्हणजे विभाजन मंजूर झाले, ही समजूत घातक आहे. नोंदणीने कागद पक्का होतो. महापालिकेची मंजुरी नसेल तर त्या तुकड्यावर बांधकामाचा नकाशा अडतो.

थोरल्या-धाकट्यांचा तो 60 चौरस मीटरचा प्रश्न वडिलांच्या हयातीत निघाला असता, तर त्यांनी तो एका बैठकीत सोडवला असता. ज्या घरांत वडीलधारे आज आहेत, तेथे ही संधी अजून हातची गेलेली नाही. दिवाळीत वहीपूजनासाठी सारे एकत्र जमतात. माहेरी आलेल्या लेकीही असतात. नव्या वहीशेजारी त्या दिवशी घराची मिळकत पत्रिकाही काढून ठेवावी आणि तीवर कोणाचे नाव आहे, एवढे तरी सर्वांनी मिळून वाचावे.