घरदार : कठीण लाकूड, टिकाऊ लाकूड



अंबाजोगाईला माझ्या खालाचं जुनं माळवद यंदा उतरवलं. नव्या घरात तिची एकच मागणी होती, नमाजच्या खोलीत शहाबादी फरशी नको. थंडीत तिचे गुडघे धरतात. म्हणून मुलांनी लाकडी फळ्या बसवायचं ठरवलं. दुकानदाराने आंब्याच्या फळ्या दाखवल्या. म्हणाला, "सागाइतक्याच कठीण, आणि स्वस्त!"

तो खोटं बोलला नाही. लाकडाचा कठीणपणा मोजायची 'जांका' नावाची कसोटी आहे. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो, ते त्यात पाहतात. साग आणि आंबा, दोघांनाही साधारण ४८५ किलोचा जोर लागतो. शिसवाला त्याच्या दुपटीहून जास्त. आपली बाभूळही सागाहून कठीण, म्हणून तर बैलगाडीची चाकं बाभळीची होत.

पण ही कसोटी एवढंच सांगते की पलंगाचा पाय किंवा ओढलेली पेटी फळीवर किती खोल खूण करील. वाळवीचं ती काही सांगत नाही. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे वाळवी सहसा त्याला लागत नाही. ऊन-पावसात तो फुगतो-आकसतोही कमी. आंब्याला औषध लावलेलं नसेल तर भुंगा आणि वाळवी लवकर धरते. बाभूळ नीट वाळवली नाही तर तडकते.

दुकानदाराने निम्मंच सांगितलं. मालातला ऐब गिऱ्हाईकाला सांगणं ही विकणाऱ्याची जबाबदारी, असं आपला दीन शिकवतो. पण विचारायचं काम आपलं. लाकूड गाभ्याचं आहे की सालीलगतचं पांढरं? पुरतं वाळवलंय का? वाळवीचं औषध दिलंय का? ही तीन उत्तरं मिळाल्याशिवाय पैसे मोजू नका.

खालाच्या घरी उत्तर अंगणातच पडलेलं होतं. माळवदाच्या सागवानी तुळया जळणाच्या भावाने जाणार होत्या. सुताराने खिळे काढून त्यांच्याच फळ्या चिरल्या. खिळ्यांची भोकं दिसतात, पण खाला ती बुजवू देत नाही. ज्या लाकडाने इतकी वर्षं डोक्यावरचं छत पेललं, त्याच्यावरच आता ती सजदा करते.