काकाही आले, काकासुद्धा आले

आश्चर्य वाटले म्हणजे माणूस काय म्हणतो? शाळेतल्या व्याकरणाला विचारा, ते उत्तर तयार ठेवूनच बसलेले असते. अबब, अहाहा, ओहो, बापरे, अरेच्चा ही आश्चर्यदर्शक केवलप्रयोगी अव्यये. मी इतकी वर्षे मराठी शिकवतो आहे, पण ‘अबब’ म्हणणारा मनुष्य मला अजून भेटायचा आहे. आमच्या नांदगाव खंडेश्वरला, अमरावतीहून यवतमाळकडे निघालेली एस. टी. जिथे थांबते तिथे, आश्चर्याला एकच शब्द चालतो: ‘बाप्पा!’ सोयाबीनचा भाव ऐकला की बाप्पा. शेजारच्या पोराला नोकरी लागली की बाप्पा बाप्पा!

पण वाचकहो, हा शब्द नुसते दार ठोठावतो. आश्चर्य नेमके कशाचे वाटले, ते तो सांगत नाही. ते काम वाक्याच्या पोटात, शब्दांच्या शेपटीला चिकटून बसलेली चिमुकली मंडळी करतात: च, ही, सुद्धा, देखील. व्याकरणाने ह्यांची पंगत निराळी मांडली आहे, शुद्ध शब्दयोगी अव्यये म्हणून. ‘घोड्यावर’ म्हणताना घोड्याचे रूप बदलते, ‘घोडासुद्धा’ म्हणताना घोडा होता तसाच उभा राहतो. विद्यार्थी हे पाठ करतात आणि ह्या शब्दांचा आश्चर्याशी काही संबंध असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही.

तो संबंध किती जवळचा आहे, हे आमच्या नात्यातल्या एका लग्नात दिसले. नवरीचे मोठे काका वाटणीच्या भांडणापासून बारा वर्षे त्या घराची पायरी चढले नव्हते. मंगलाष्टके सुरू झाली आणि काका मांडवात येऊन मागच्या रांगेत उभे राहिले. कुणाशी बोलले नाहीत. बायकांत कुजबुज उठली, ‘थे बी आले व माय!’ नवरीच्या आजीने पदर डोळ्यांना लावला. तिचा एक नातू अमेरिकेतच जन्मलेला, त्याला मराठी येत नाही. संध्याकाळी त्याचा फोन आला, तेव्हा नवरीच्या धाकट्या भावाने मोठ्या उत्साहाने त्याला बातमी दिली, ‘अंकल ऑल्सो केम.’ पलीकडून ‘ओके, नाइस’ एवढेच आले, आणि पाठोपाठ जेवायला काय होते ह्याची चौकशी. आजी शेजारी बसून होती. तिने विचारले, ‘सांगतलं का त्याले? मंग काय म्हणे?’

मुलाचे भाषांतर शब्दाला शब्द बरोबर होते. पण आमचा वऱ्हाडी ‘बी’ दोन घरची चाकरी करतो. मामा आले, मावशी आली, काका बी आले, ही झाली नुसती मोजदाद. ज्याची कुणी आशाच धरली नव्हती तो आला, तरीही बीच. प्रमाण मराठीत पहिल्या कामाला ‘ही’ आणि दुसऱ्याला ‘सुद्धा’ अशी थोडीफार वाटणी दिसते, पण ती काटेकोर नाही. इंग्रजीत मात्र दोघांच्या चुली वेगळ्या आहेत. ‘ऑल्सो’ डोकी मोजतो, अनपेक्षितासाठी ‘ईव्हन’ लागतो. ‘ईव्हन अंकल केम’ म्हटले असते, तर त्या मुलाने निदान ‘का? काय झाले होते?’ असे विचारले असते. बारा वर्षे त्या एका शब्दात होती.

शिवाय आपले ‘सुद्धा’ शब्दाच्या मागे चालते आणि ‘ईव्हन’ पुढे. तोही कधी नेमक्या शब्दाला सोडून क्रियापदाला बिलगतो. ‘त्यांनी पाणीसुद्धा घेतले नाही’ ह्याचे ‘ही डिडन्ट ईव्हन टेक वॉटर’ होते, आणि जोर पाण्यावर आहे हे कळावे कसे? आवाजावरून. जे आपण शेपूट जोडून करतो, ते इंग्रज पुष्कळदा नुसता आवाज चढवून करतो. ‘डिड’ घ्या. प्रश्नात आणि नकारात तो येतो, असे आपण शिकलो. पण काका येणारच नाहीत असे सगळे म्हणत असता ते आले, तर ‘ही डिड कम!’ आपण म्हणू, ‘आले की हो!’ एवढासा ‘की’, पण तो साऱ्या शंकेखोरांना गप्प करतो. ‘तू करतोस तरी काय?’ मधल्या ‘तरी’साठी इंग्रजाला ‘ऑन अर्थ’ म्हणत सारी पृथ्वी मध्ये आणावी लागते!

आपली शेपटे इंग्रजीला लावली की काय होते, तेही ऐकण्यासारखे असते. ‘मी नांदगावातच असतो’ ह्याचे आमची मुले ‘आय स्टे इन नांदगाव ओन्ली’ असे करतात. शहरातले लोक ह्याला हसतात. मला त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. १२९० सालच्या ज्ञानेश्वरीत पावलोपावली भेटणारा ‘चि’ तोच आजचा ‘च’. सातशे वर्षांची ही सवय मुलाखतीच्या खोलीबाहेर चपलांसारखी काढून ठेवता येत नाही. पण ऐकणाऱ्याला त्या ‘ओन्ली’त ‘फक्त’ ऐकू येते आणि उमेदवार बिचारा गावाबाहेर कधी पडलाच नाही असे वाटते, हेही खरे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आले, तरी मुले शब्दांचे अर्थ तेवढे पाठ करतात. जोर कुठे द्यायचा, हे अर्थाच्या वहीत लिहून देता येत नाही.

म्हणून हल्ली मी वर्गात एक खेळ घेतो. फळ्यावर ‘काका आले’ एवढेच लिहायचे आणि मुलांनी शेपटे जोडायची. काकाच आले. काका आलेच. काका तरी आले. काका आले ना? प्रत्येकाचे इंग्रजी करायला आमचे इंग्रजीचे प्राध्यापक हजर असतात, आणि तेही मजेत असतात. परवा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘आले बाप्पा एकदाचे!’ तास संपला. चहा आला, तोही संपला. त्या ‘एकदाचे’पाशी आम्ही दोघे अजून अडलेले आहोत. ते ‘ॲट लास्ट’ म्हणतात, मी म्हणतो की त्यात सुस्कारा नाही.